वाटप, तळण आणि भात: कोकणी जेवण न सोडता वजन उतरवण्यासाठी कॅलरी कशा मोजाव्यात

वजन कमी करायचं ठरलं की कोकणातल्या घरात पहिली कुऱ्हाड पडते भातावर, दुसरी आंब्यावर. वाटपातलं, म्हणजे वाटलेल्या मसाल्यातलं, खोबरं आणि तव्यातलं तेल मात्र होतं तेवढंच राहतं. मग पंधरा दिवस पेजेवर काढूनही काटा हलत नाही आणि माणूस नाद सोडून देतो. नारळ, मासे, भात यांतलं काहीही बंद न करता वजन उतरतं. फक्त ताटातल्या कॅलरी कुठून येतात ते नीट कळायला हवं.

शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यापेक्षा कमी पोटात गेली की उरलेली गरज साठलेल्या चरबीतून भागते. पिष्ट आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, दारूतल्या अल्कोहोलला ७ आणि तेल-तुपाला ९. खोबरेल तेल ‘चरबी जाळतं’ म्हणून वरून ओतणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की तेही ग्रॅमला जवळपास ९ कॅलरीच देतं.

आधी स्वतःचा आकडा काढा

किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. बाईसाठी यातून १६१ वजा करायचे, पुरुषासाठी ५ मिळवायचे. हा झाला नुसतं पडून राहिल्यावरचा खर्च. घरकाम, बाजार, थोडं चालणं एवढं असेल तर त्याला १.४ ने गुणा; दिवसभर बागेत खणणाऱ्या किंवा जाळी ओढणाऱ्या माणसासाठी १.७ किंवा त्याहून जास्त.

३८ वर्षांची, ६८ किलो वजनाची, १५५ सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. हिशेब येतो साधारण १,३०० आणि १.४ ने गुणल्यावर १,८००. त्यातून ४०० कमी करून रोज १,४०० खाल्लं, तर आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम चरबी उतरेल, कारण एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. सूत्राचा आकडा अंदाजाचाच असतो, त्यामुळे तीन आठवडे पाळून काटा काय म्हणतो ते बघा आणि मग १०० इकडे-तिकडे करा. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १,२०० च्या खाली जाऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, अठरा वर्षांखालच्या मुलांनी हा प्रयोग करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच ठेवून खाणं घटवलं तर साखर एकदम उतरू शकते.

भांड्याचा हिशेब

ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल वजनकाटा आणि मापाचा चमचा, एवढंच सामान लागतं. पहिला आठवडा जेवणात काही बदल करू नका. जे खाल ते फक्त लिहा, चहासकट. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दूध सोडून १६० कॅलरी होतात, आणि त्या कोणाच्याच यादीत नसतात.

एकत्र कुटुंबात आमटी एकाच टोपात होते, मग आपल्या वाट्याचं कसं मोजायचं? बांगड्याचं सार घ्या. रिकाम्या टोपाचं वजन आधी लिहून ठेवा. वाटपाला १५० ग्रॅम ओलं खोबरं गेलं: १०० ग्रॅमला साधारण ३५०, म्हणजे ५३० च्या आसपास. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल: १२०. कांदा, मिरची, धणे मिळून ५० धरा. एकूण ७००. मासे बाजूला काढून टोप पुन्हा काट्यावर ठेवा. समजा रस १ किलो भरला. मग १०० ग्रॅम रसाला ७० कॅलरी आणि १५० ग्रॅमच्या वाटीला १०५. भात कालवताना तीन वाट्या रस सहज जातो आणि ३१५ कॅलरी होतात. त्या रसातल्या मध्यम बांगड्याच्या मात्र सगळ्या मिळून १०० च्या आसपासच! ज्याला आपण ‘जड’ म्हणतो तो मासा ताटातला सर्वांत कामाचा पदार्थ आहे. प्रथिनं भरपूर असल्यानं पोट धरून ठेवतो आणि वजन उतरताना स्नायूही राखतो.

म्हणून मासा वाढवा, रस एका वाटीवर आणा. खोबरं १५० वरून ९० ग्रॅमवर आणलं तर टोपातल्या २१० कॅलरी कमी होतात. दाटपणासाठी कांदा भाजून जास्त घाला. चवीत फरक पडलाच तर तिरफळं आणि सोलं ती उणीव भरून काढतात. आठवड्यातून दोनदा साराऐवजी तिखलं, म्हणजे खोबऱ्याच्या वाटपाशिवायचं तिखट कालवण, केलंत तर खोबऱ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. सोलकढीचंही तेच. पहिल्या दाट रसाचा एक पेला १०० च्या वर सहज जातो, तर तिवळात, म्हणजे नारळाशिवायच्या कोकमाच्या पाण्यात, नावालाच कॅलरी असतात. कोकम सरबत मात्र साखरेचं असतं, ते तिवळाच्या जागी धरू नका.

तळण

तळताना माशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि त्या जागी तेल शिरतं. बरंचसं तेल तर तुकडी तव्यातून काढल्यावर, ती निवताना आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या तुकडी जाळीवर उभी टेकवा, ताटात एकावर एक रचू नका. बोंबिलात पाणी फार, त्यामुळे न दाबता तळलेला बोंबील मऊही राहतो आणि तेलही पितो. आधी जड पाट्याखाली दाबून पाणी काढाच.

तेल किती गेलं हे बघायचं तर तव्यात ओतलेलं आणि शेवटी उरलेलं, दोन्ही मोजा. ६० मिली घातलं, २५ उरलं, म्हणजे ३५ मिली गेलं: जवळपास २९० कॅलरी. चार तुकड्यांत वाटलं तर तुकडीमागे ७० हून जास्त, वर रव्याच्या ३०-४०. तीच सुरमई बिडाच्या तव्यावर तुकडीला एक लहान चमचा तेल सोडून, झाकण ठेवून भाजली तर तेलाच्या ४० च राहतात. कोंबडी-वडे सणाचे ठेवा, मोजून खा. रोजच्या कोंबडीच्या रश्शाबरोबर तांदळाची भाकरी घ्या, तीही ५० ग्रॅम पिठाची एकच: साधारण १८०.

भात

सर्वांत मोठी चूक इथे होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावला तर विनाकारण उपाशी राहाल. उलट केलंत तर दुपटीहून जास्त खाल. उकडा तांदूळही यात सुटत नाही, त्याच्या कॅलरी जवळपास तेवढ्याच. जेवणाला ६० ग्रॅम तांदूळ धरलात तर शिजून १५० ग्रॅमहून जास्त भात होतो आणि २१० कॅलरी पडतात. शेजारी कुळथाची पिठी किंवा लाल माठाची भाजी असेल तर तेवढा पुरतो.

मध्यम हापूसच्या गरात १०० च्या आसपास कॅलरी असतात. जेवणात धरून एक आंबा खुशाल खा. आटवलेल्या रसात आणि आंबावडीत साखर आली की गोष्ट वेगळी. दहा काजूगर म्हणजे ९०, पण ते मोजून बशीत काढले तरच दहा राहतात. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरत नाही: साबुदाणा तांदळाइतकाच, वर दाण्याचं कूट आणि तूप.

काटा अडकला तर

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताटात सुकट, खारा बांगडा येतो. त्या मिठानं अंगात पाणी धरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसू शकतो. ती चरबी नव्हे. सुकी मासळी दोन-तीन पाण्यांत भिजवून घ्या, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. पावसात चालणं सुटतं हेही हिशेबात घ्या: ६८ किलोच्या माणसाला तासभराच्या चालीत साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे चालणं बंद पडलं तर ठरवलेल्या तुटीतली निम्मी गेली. तेवढी भाताच्या आणि रसाच्या वाटीतून काढा किंवा पडवीत पायऱ्या चढ-उतार करा.

तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर आधी मोजमाप तपासा. आमटी चाखताना घेतलेले चमचे, पोराच्या ताटातलं उरलेलं, रविवारचं तळण, हेच बहुतेकदा सापडतं. सगळं बरोबर असेल, तर हलकं झालेलं शरीर आता कमी खर्च करतंय. नव्या वजनानं सूत्र पुन्हा मांडा. ६८ चे ६२ किलो झालेल्या बाईला १,८०० ऐवजी साधारण १,७३० लागतात, म्हणून तिचा रोजचा आकडा १,४०० वरून १,३३० वर येतो. ही ७० कॅलरींची घट खोबऱ्यातून काढा; २० ग्रॅम कमी घेतलंत की झालं.