क्लच प्लेट बदलू की सीझन काढू?

क्लच प्लेट घसरतेय, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नीट पोचत नाही, हे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पहिल्यांदा कळलं. गाडी जुनी घेतलेली, आत पाच जण. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं भणाणायचं, वेग तेवढाच. वर पोचेपर्यंत करपल्याचा वास सुटला.

आधी स्वस्तातलं तपासलं. क्लच केबल फार ताणलेली असेल, पेडलला मोकळी चाल उरली नसेल, तर चांगली प्लेटही घसरते. केबल ढिली केली, फरक नाही. मग सपाट जागेत, समोर कोणी नाही हे बघून, हँडब्रेक पक्का ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. माझं चालूच राहिलं. ही परीक्षा एकदाच करा. वारंवार केली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

कापूस वेचणीचे दिवस. घरचे म्हणाले, सीझन होऊ द्या. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, रिव्हेट वर आले का फ्लायव्हील खाते. मंग खर्च वाढते." म्हणजे प्लेटचं अस्तर झिजून आतले रिव्हेट उघडे पडले, की ते फ्लायव्हीलला, म्हणजे प्लेट जिला चिकटते त्या इंजिनच्या जड चकतीला, घासतात. मला ते पटलं. त्याच आठवड्यात गाडी खोलली, तर प्लेट खरंच रिव्हेटला टेकली होती. क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवायचीच मजुरी मोठी, म्हणून क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंगही सोबतच नवीन टाकलं. इंजिनचं मागचं ऑइल सील मात्र आवर्जून बघा. ते गळत असेल तर नवी प्लेटही तेलानं घसरते. आमचं कोरडं निघालं.

पेडल आता हलकं लागतं. पहिले काही दिवस कापसाचं ओझं गाडीत भरलं नाही.