भर दुपारचा गोदाघाट

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कॅमेरा हाती घेऊन मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका सरांकडे मी सहायक होते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या सगळ्या तारखा एकामागून एक रद्द झाल्यामुळे हाताला काम उरले नव्हते. ओळखीच्या काही मंडळींनी शिजवलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली, त्यांच्यासोबत मी जाऊ लागले. गाडीला पास होता. दिवसातून दोन फेऱ्या व्हायच्या, एक पहाटे नाश्त्याची आणि दुसरी दुपारी जेवणाची. रिकामे नाशिक मी या फेऱ्यांतच टिपले. रस्त्यावरचे छायाचित्रण नव्याने शिकणारी मुले-मुली त्या फोटोंविषयी आजही विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम स्पष्ट सांगते. साथीच्या काळात केवळ फोटोसाठी घराबाहेर पडू नका. पोलीस अडवतील हे त्याचे लहान कारण झाले. आपण घरी आणलेला संसर्ग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भोवतो, हे मोठे कारण आहे. ज्यांच्याजवळ बाहेर पडण्याचे खरे काम नव्हते, त्यांना गच्चीवरून किंवा खिडकीतूनही पुष्कळ करता आले असते.

आता ज्या चुकीने माझे दोन आठवडे वाया गेले तिच्याविषयी. सरांनी शिकवले होते की प्रकाश पहाटेचा घ्यावा, तो मऊ असतो आणि रंग खुलवतो. लग्नाच्या कामात हे शंभर टक्के खरे आहे. म्हणून मी पहाटेच्या फेरीत कॅमेरा काढायचे आणि दुपारी तो पिशवीतच राहायचा. मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, अशोक स्तंभ. सगळीकडचे सोनेरी, सुंदर, निर्मनुष्य फोटो माझ्याजवळ जमले. पण पहाटे सहाला मेन रोड कोणत्याही वर्षी निर्मनुष्यच असतो! त्या फोटोंत महामारी कुठेच नव्हती, होती ती नेहमीची नाशिकची सकाळ.

हे उमगले ८ एप्रिलला, बुधवारी. दुपारच्या फेरीत आमची गाडी गोदाघाटावरून गेली. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो आणि त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. त्या दुपारी तिथे उन्हाने तापलेली फरशी होती, नारोशंकराच्या देवळाकडे कबुतरे होती, बाकी काही नव्हते. तेव्हा कळले की रिकामेपण जागेत नसते, जागा आणि वेळ यांच्या जोडीत असते. जिथे ज्या वेळी गर्दी असायलाच हवी, तिथे त्या वेळी कोणी नसेल, तरच तो फोटो काही सांगतो. रामनवमीला काळाराम मंदिराचा बंद दरवाजा किंवा चैत्र शुद्ध एकादशीला दरवर्षीच्या रथयात्रेविना पडलेला पंचवटीतला रस्ता हे असे फोटो होते आणि माझ्याकडे ते नाहीत, कारण त्या दोन्ही दिवशी मी प्रकाश मऊ असतानाच कॅमेरा आत ठेवून दिला होता.

त्यानंतर मी दुपारीच फोटो काढू लागले, तरी वेळेनेच मला दुसऱ्यांदा पकडले. पुढच्या वर्षी एका छोट्या प्रदर्शनासाठी ते फोटो पाठवले, तेव्हा निवड करणाऱ्यांनी विचारले की फाइलमधल्या नोंदीत तर सकाळचे सात दिसतात, मग यात विशेष ते काय? माझा कॅमेरा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला होता आणि त्याचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिले होते. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून दुपारी साडेबाराला काढलेल्या प्रत्येक फोटोवर सकाळचे सात नोंदले गेले होते. हे इतके तपशिलात सांगते आहे, कारण ही चूक फोटो काढताना मुळीच दिसत नाही आणि पुढे तुमच्या शब्दाला पुरावा उरत नाही.

मला वाचवले ते सावलीने. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरेच पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या वेळी विजेच्या खांबाची सावली खांबाच्या पाव उंचीएवढीच असते आणि उत्तरेला पडते. सकाळी सातला तीच सावली उंचीच्या सातपट लांब असते आणि पश्चिमेला पडते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर इथे भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशीच होते. मी खांबांच्या सावल्या मोजून दाखवल्या तेव्हा फोटो स्वीकारले गेले. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ आजच तपासा आणि रोजचा पहिला फोटो मोबाइलवरच्या तारीख-वेळेचा काढून ठेवा. घड्याळ चुकलेलेच निघाले, तरी त्या एका फोटोवरून दिवसभराच्या सगळ्या नोंदी दुरुस्त करता येतात. घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

दुपारच्या उन्हाची भीतीही बाळगू नका. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ ८ (भिंगाच्या छिद्राचे माप) आणि शटर १/४०० सेकंद यांपासून सुरुवात करा, पांढऱ्या भिंती जळू देऊ नका, म्हणजे तपशील हरवून नुसत्या पांढऱ्याफटक होऊ देऊ नका, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, जपा, एवढे पुरते.

रिकामा रस्ता बनवताही येतो, आणि त्याविषयी माझे मत कठोर आहे. १८३८ साली छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेर यांनी पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा प्रकाश घ्यायला काही मिनिटे लागल्यामुळे चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एक स्थिर माणूस तेवढा राहिला. दागेर यांचा नाइलाज होता. आज भिंगावर गडद फिल्टर लावून, शटर बराच वेळ उघडे ठेवून किंवा मोबाइलमध्ये माणसे पुसून तोच परिणाम साधणाऱ्यांचा नाही. असे फोटो महामारीचे म्हणून दाखवणे खोटेपणा आहे, मग ते कितीही देखणे असोत.

गुरूंविषयीही एक सांगते. सरांचा मला आजही आदर आहे, पण गुरू स्वतःच्या कामाचे नियम शिकवतो. तुम्ही कशाचा फोटो काढता आहात हे आधी विचारणारा गुरू शोधा. कोणता कॅमेरा आहे हे आधी विचारणाऱ्याकडे फार काळ थांबू नका.

एक गोष्ट अजून टोचते. मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून मजूर कुटुंबे मध्य प्रदेशाकडे पायी चालली होती. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ उड्डाणपुलाची रिकामी चौकट मी लावून ठेवली होती, तेवढ्यात डोक्यावर बोचकी घेतलेली पाच-सहा माणसे आणि एक लहान मूल त्या चौकटीत आले. रस्ता मोकळा दिसावा म्हणून मी ते पुढे जाईपर्यंत थांबले आणि मगच बटण दाबले. गाडीत जेवणाची पाकिटे होती, ती आम्ही त्यांना दिली. प्रदर्शनासाठी निवडलेल्या फोटोंतून तो उड्डाणपुलाचा फोटो मी नंतर काढून घेतला.