डिझेल इंजिन कुरकुरतंय? ऑइलचा कॅन उघडण्याआधी या चुका टाळा

डिझेल इंजिनने त्रास द्यायला सुरुवात केली की एकतर कुणीतरी सुचवतं, "जरा जाड ऑइल टाकून बघ." नाहीतर स्कॅनर लावून दिसेल त्या कोडचा पार्ट मागवला जातो. दोन्हींत पैसे जातात आणि दुखणं आहे तिथेच राहतं. बिघडलेलं इंजिन ऑइल बदलून दुरुस्त होत नाही. पण नेमकं कुठे बिघडलंय हे जुनं ऑइल बऱ्याचदा सांगत असतं, आणि ते ऐकून घेण्याआधीच आपण ते काढून टाकतो.

धुराचा फक्त रंग बघणं

काळा म्हणजे डिझेल जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी, निळा म्हणजे ऑइल. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण धूर कधी येतो, हा प्रश्न रंगापेक्षा मोठा आहे.

काळा धूर बघून थेट इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट) उतरवणारे बरेच भेटतात. इंजेक्टर दोषी असू शकतोच, पण बहुतेक वेळा हवा कमी पडत असते. एअर फिल्टर पाच मिनिटांत बघून होतो. त्यानंतर टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) ते इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) हा रबरी होज हातात धरून पिळून बघा. वरून तो ठणठणीत दिसतो. चीर असते ती क्लिपच्या अगदी शेजारी, खालच्या बाजूला, आणि दाब आल्यावरच उघडते. त्या जागी तेलकट काळा ओघळ असतो, तीच खूण. उभ्या गाडीत धूर नाही, चढाला मात्र काळा लोट, पिकअप गेलेला आणि सोबत फुस्स असा आवाज, असं असेल तर आधी होज बघा, इंजेक्टर नंतर.

पांढरा धूर थंड इंजिनला येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा) किंवा एखाद्या सिलिंडरचं कंप्रेशन तपासा. डोळ्यांना झोंबणारा वास न जळलेल्या डिझेलचा. इंजिन पूर्ण तापल्यावरही धूर चालूच, वास गोडसर आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायला हरकत नाही.

निळ्या धुरात सगळ्यात जास्त बळी टर्बोचा जातो. इनटेक पाइपमध्ये ऑइलचा थोडा ओलावा दिसला की टर्बो गेला असं जाहीर होतं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये सोडणारी नळी) येणाऱ्या वाफेमुळे तेवढा ओलावा चांगल्या इंजिनातही असतो. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोची शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवी किंचित हलणारच, कारण तिचे बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतात. पुढे-मागे जाणवण्याइतकी सरकली किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र काम आहे. आणि टर्बो बदलायचाच असेल तर त्याला ऑइल पुरवणारा पाइपही बदला. ही शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारते. कार्बनने अर्धा बुजलेला जुना पाइप तसाच ठेवला तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

पिस्टनच्या रिंगा गेल्यात का हे बघायला इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून वरच ठेवा. झाकण थडथडत उडायला लागलं आणि धूर जोरात बाहेर पडला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांमधून खाली गळतोय. मग कंप्रेशन टेस्ट करा. लगेच इंजिन खोलायची घाई नको.

सेल्फ मारतंय पण इंजिन घेत नाही

इथे आधी बॅटरी बघा, हे ऐकायला फारच साधं वाटतं. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नाही. हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावरच डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं की उष्णता कमी पडते. शिवाय कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी) ठरावीक दाब झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. मरगळलेली बॅटरी दोन्हीकडून मारते आणि लोक पंप उतरवून बसतात.

बॅटरी ठीक असेल तर डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, आणि पाइप हवा ओढतोय का ते बघा. थोडा वेळ पारदर्शक नळी लावली की बुडबुडे सरळ दिसतात. त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट: प्रत्येकाच्या रिटर्नला सारखी नळी, सारखी बाटली. इतरांपेक्षा एकाच बाटलीत जास्त डिझेल साचलं तर तो इंजेक्टर झिजलाय.

एक चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मरतोय ते शोधायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नका. तिथला दाब २००० बारपर्यंत जाऊ शकतो. तो बारीक फवारा कातडीतून आत घुसतो आणि बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नसतं, तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायलाही बोट नको, पुठ्ठ्याचा तुकडा घ्या.

डिपस्टिक बघून चुकीचा निष्कर्ष

"ऑइल काळं पडलं, म्हणजे खराब झालं." डिझेलमध्ये बदलल्यावर काहीशे किलोमीटरमध्येच ऑइल काळं होतं. काजळी तळाशी बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. रंगापेक्षा थेंब बघा. गरम ऑइलचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकून काही तास ठेवा. करडा डाग बाहेरपर्यंत सारखा पसरला तर ऑइल अजून काजळी सांभाळतंय. मधे दाट काळा ठिपका, त्याला ठळक कडा आणि बाहेर जवळजवळ कोरा कागद, तर ऑइलने हात टेकलेत.

लेव्हल कमी झाली की सगळे घाबरतात, वाढली तर खूश होतात. खरं तर वाढलेली लेव्हल जास्त घातक. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी जाळायला जादा डिझेल सोडलं जातं. फेऱ्या छोट्या असतील तर ते जळणं अर्धवट राहतं आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर वरचेवर ऑइल काढून लेव्हल जुळवू नका, ऑइल बदला आणि कारण शोधा. लेव्हल फार वर गेली तर ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं, आणि इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटू शकतं. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही, हवा तोडावी लागते.

झाकणाखाली दुधट साय दिसली म्हणून लगेच हेड खोलू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की वाफ तिथे साचते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधट असेल, तर मात्र कूलंट आत शिरलंय.

फक्त आकडा बघून कॅन उचलणं

५डब्ल्यू-४० हे १५डब्ल्यू-४० पेक्षा पातळ, म्हणून जुन्या इंजिनला नको, हा समज घट्ट बसलाय. पहिला आकडा थंडीतल्या जाडपणाचा. दुसरा १०० अंश सेल्सिअसवरचा, आणि ४० म्हणजे दोन्हींसाठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडपणाचं एकक). तापलेल्या इंजिनात दोन्ही एकाच वर्गात बसतात. फरक थंड सुरुवातीला पडतो, तेव्हा ५डब्ल्यू लवकर वर पोचतं.

आकड्याइतकंच त्याखालचं बारीक अक्षर महत्त्वाचं. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या डिझेल ऑइलच्या श्रेणी सी अक्षराने सुरू होतात: सीआय-४ २००२ची, सीजे-४ २००६ची, सीके-४ २०१६ची. सीआय-४ सांगितलेल्या इंजिनात सीके-४ चालतं. सीके-४ सोबतच आलेलं एफए-४ मात्र गरम असताना जास्त पातळ असतं. ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत त्याला परवानगी नाही तिथे ते घालू नका.

डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, म्हणजे एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी श्रेणीतलं किंवा पुस्तिकेत दिलेल्या मान्यता क्रमांकाचं. काजळी साधारण ६०० अंशांना जळून जाते, ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. चुकीचं ऑइल टाकलं तर इंजिन तक्रार करत नाही, फिल्टर हळूहळू बुजत जातो आणि दोष सेन्सरवर येतो. कॅनवर "योग्य" लिहिलंय की "मान्यताप्राप्त", हेही वाचा. पहिला शब्द कंपनीचा स्वतःचा दावा असतो.

ऑइल प्रेशर कमी दाखवतंय म्हणून जाड ऑइल भरणं ही सगळ्यात लाडकी चूक. काटा वर जातो, कारण जाड ऑइलला पुढे जायला अडचण होते. बेअरिंगपर्यंत पोचणारं ऑइल उलट कमी होतं, विशेषतः सकाळी. आधी सेन्सर काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा. प्रेशर खरंच कमी असेल तर स्ट्रेनर (ऑइल खेचताना गाळणारी जाळी), रिलीफ वॉल्व्ह (जादा दाब सोडणारा), बेअरिंग असं पुढे जा.

आणि जुनं ऑइल फेकण्याआधी, शक्य असेल तर लॅबसाठी नमुना ठेवा. सिलिकॉन जास्त आलं तर एअर फिल्टरमागून धूळ शिरतेय, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट. नमुना इंजिन गरम असताना, धार निम्मी वाहून गेल्यावर स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्या. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो आणि रिपोर्ट उगाच घाबरवतो.