नव्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला आयपी देताना या चुका टाळा

प्रिंटर बसवला, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, टेस्ट पेज निघालं. तीन आठवड्यांनी एका सकाळी तो 'ऑफलाइन' दिसतो, आणि दुपारी काही न करता पुन्हा सुरू होतो. अशी तक्रार आली की मी प्रिंटर उघडतच नाही. आधी राउटरची डीएचसीपी रेंज बघतो, म्हणजे राउटर आपोआप कुठले पत्ते वाटतो ते.

राउटर समजा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ हे पत्ते आपोआप वाटतोय आणि बसवणाऱ्याने प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.१२० दिलाय. राउटरला याची खबरच नसते. काही राउटर पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे तपासतात, त्यामुळे प्रिंटर चालू असेपर्यंत निभावतं. तो रात्री बंद झाला की तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला जातो. मग तो मोबाइल ऑफिसात असेपर्यंत प्रिंट अडकते. हाताने द्यायचा पत्ता रेंजच्या बाहेरचा घ्या, म्हणजे इथे १९२.१६८.१.२० वगैरे. त्याहून बरं म्हणजे प्रिंटर 'ऑटो'वर ठेवून राउटरमध्ये त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (उपकरणाचा कारखान्यातून आलेला क्रमांक) रिझर्व्हेशन करा, म्हणजे राउटर त्याला कायम तोच पत्ता देतो.

पिंगला (पत्त्यावर कुणी आहे का हे विचारणारी कमांड) उत्तर आलं नाही म्हणून पत्ता मोकळा समजू नका. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवते. पिंगनंतर लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' (arp -a) चालवा, त्यात पत्ते आणि त्यांचे मॅक दिसतात. त्या पत्त्यासमोर मॅक दिसला तर तिथे कुणीतरी आहे. बंद असलेलं उपकरण मात्र यातही सापडत नाही, म्हणून राउटरमधली यादीही बघा.

कॅमेऱ्यांची अडचण वेगळी. हिकव्हिजनचे कॅमेरे सहसा १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचे १९२.१६८.१.१०८ हा पत्ता घेऊन येतात. चार कॅमेरे एकदम जोडले तर चौघांचा पत्ता एकच! एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा. तुमचं नेटवर्क १९२.१६८.०.x असेल तर कॅमेरा दिसणारच नाही. तेवढ्यापुरता लॅपटॉपला १९२.१६८.१.५० आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्या.

कॅमेरा ऑफिसात दिसतो पण घरून मोबाइलवर दिसत नाही? कॅमेऱ्यातला गेटवे (बाहेर जायचा रस्ता, सहसा राउटरचाच पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) तपासा.

आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. तिथे सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, केबल आणि स्विचचा पोर्ट बघा.