रस्ता कोणाचा? नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवताना

पहिल्याच वर्षी मी दहावीच्या वर्गात 'आरक्षण असावे की नसावे' असा वादविवाद ठेवला. दोन गट पाडले. मुलं तुटून पडली, टाळ्या पडल्या, मी खूश. तास संपताना लक्षात आलं की दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, जिचा हात एरवी खाली येत नाही, ती वहीच्या समासात रेघा मारत बसली होती. पुढचे आठ दिवस ती वर्गात बोलली नाही. तिच्या घराला जे मिळालं ते हक्काचं की फुकटचं, हे तिच्यादेखत टाळ्यांवर ठरत होतं, आणि तो खेळ मीच मांडला होता.

नव्याने हा विषय हाती घेणाऱ्यांना म्हणून आधी हेच सांगते: वर्गातल्या कुणाच्या माणूसपणावर वाद ठेवू नका. विषय टाळायचा असं नाही, दार बदलायचं. आता मी 1951 पासून सुरुवात करते. मद्रासमधली जातवार प्रवेशाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द ठरवली आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारा चौथा खंड आला. दुरुस्तीपूर्वीचं आणि नंतरचं कलम फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचं आणि विचारायचं, हा खंड घालावा का लागला? न घालता काय झालं असतं? मुलं भांडतात, पण कागदाशी भांडतात.

'मॅडम, तुम्ही कुणाला मत दिलं?' हा प्रश्न येणारच. मी सांगत नाही, आणि का सांगत नाही ते सांगते: मतदान गुप्त असतं म्हणून. त्याऐवजी निवडणूक ड्युटीच्या गोष्टी सांगते. त्यांना त्यातच जास्त रस असतो. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचा मॉक पोल घ्यायचा, निकाल जुळतो का पाहायचा आणि मग ती मतं यंत्रातून पुसायची. एका मुलाने विचारलं, 'पुसायची राहिली तर?' पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा तो प्रश्न मोठा होता. व्हीव्हीपॅटची, म्हणजे आपलं मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड 7 सेकंद दिसते हे सांगितल्यावर अख्खा वर्ग सात अंक मोजत बसला. (इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा पेपर, त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान. 'हे परीक्षेला आहे का?' हाही प्रश्न येतोच. नाही म्हणायचं आणि पुढे चालायचं.)

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा कामाचा प्रश्न एकच आहे: हे काम कोणाचं? मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'सरकार'. सरकार रस्ता करत नाही, सरकार पाणी देत नाही. या एका शब्दाचे तुकडे करता आले की अर्धा अभ्यासक्रम झाला समजा.

आमच्या शाळेसमोर गतिरोधक नव्हता. शाळा सुटताना रोज जीव मुठीत. नववीने ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, मी शुद्धलेखन तपासलं, आणि ग्रामसेवकांनी शांतपणे सांगितलं की रस्ता ग्रामपंचायतीचा नाहीच. मुलं हिरमुसली. मला मात्र त्या दिवशी पुढच्या दोन महिन्यांचे तास सापडले. रस्ते कुणाकुणाचे असतात? गावातली गल्ली, ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, राज्य मार्ग. आमचा निघाला 'इतर जिल्हा मार्ग', म्हणजे जिल्हा परिषदेकडचा. मग ग्रामपंचायत काय करू शकते? ग्रामसभेत ठराव करून वर पाठवू शकते.

इथे खरी गंमत झाली. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतले लोक. चौदा वर्षांच्या मुलांना तिथे मत नाही. म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारा मतदार हवा. मुलांनी आयांना गळ घातली. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते हे त्या आयांपैकी बहुतेकींना ठाऊकच नव्हतं. तीन जणी गेल्या, एक बोलली. दुसऱ्या दिवशी मुलं मागे भिंतीला टेकून माणसं मोजत उभी. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी ती. हजेरी सदुसष्ट. सभा तहकूब.

'म्हणजे फुकट गेलं?' एकाने विचारलं. मी म्हटलं, नियम शोधा. त्यांनी शोधला: तहकूब झालेल्या सभेला गणसंख्येची अट नसते. पुढच्या सभेत ठराव मंजूर झाला. गतिरोधक पुढे बऱ्याच महिन्यांनी झाला, तोवर ती मुलं दहावी होऊन गेली होती. पण गणसंख्या म्हणजे काय हे त्या वर्गाला कधी पाठ करावं लागलं नाही. 'कमी लोकांत झालेला ठराव खरा मानायचा का?' हा वाद त्यांनी मधल्या सुट्टीत, मी नसताना घातला.

विषय निवडताना म्हणूनच लहान निवडा. हवामानबदल, भ्रष्टाचार, बेरोजगारी यांवर मुलं निबंध छान लिहितील आणि तिथेच थांबतील. ज्याचा अर्ज एका पानात बसतो, ज्याचं उत्तर देणारा माणूस जवळपास बसतो, असा प्रश्न घ्या. अर्ज दिला की पोच मागायची, आवक क्रमांक वहीत लिहायचा. माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज एखाद्या पालकाच्या नावाने करा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत 30 दिवस. तो एकतिसावा दिवस मुलांनी कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवलेला असतो.

दोन व्यावहारिक गोष्टी. मुख्याध्यापकांना आधी सांगा, नंतर नव्हे. मी एकदा नंतर सांगितलं आणि वर्षभर सहली बंद झाल्या. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर कार्यालयभेट पुढे ढकला. त्या दिवसांत साध्या अर्जालाही लोक रंग शोधतात, आणि तुमचं नाव बहुधा ड्युटीच्या यादीत आलेलंच असतं.