उद्या परांचीवर माणसं चढायच्या आधी

उद्या बाहेरच्या प्लास्टरला गडी चढणार असतील तर आज संध्याकाळी सेफ्टी बेल्ट मोजत बसू नका. बेल्ट बहुतेक साईटवर स्टोअरच्या खुंटीला लटकलेले असतातच, पण हूक अडकवायला जागा नसते. म्हणून मुकादमाला बरोबर घेऊन परांचीवर फेरी मारा आणि दर टप्प्याला विचारा, "दादा, इथं उभा राहिलेला माणूस हूक कशात अडकवणार?" त्यांनी परांचीच्याच बांबूकडे बोट दाखवलं, तर तिथलं काम धरू नका, परांची बसली की माणूस तिच्यासकट खाली. वरच्या पक्क्या आरसीसी कॉलमला बांधून उभा दोर सोडा, त्यावर रोप ग्रॅब लावा, म्हणजे दोरावर सरकणारी आणि झटका बसताच दोर पकडणारी कळ. एका दोराला एकच माणूस. दोर स्लॅबच्या कडेवर घासतो तिथं गोणपाटाची जाड घडी घाला.

मग पडायला लागणाऱ्या उंचीचा हिशेब. लॅनयार्ड, म्हणजे बेल्ट आणि हूक जोडणारी दोरी, 2 मीटर, झटका झेलायला तिच्यातला शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडतो तो पावणेदोनपर्यंत, पाठीच्या रिंगपासून पावलापर्यंत साधारण दीड, आणि शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हूक अडकवलाय तिथून खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या स्लॅबच्या कडेला पायापाशी हूक लावलेला माणूस बेल्ट घालूनही जमिनीवर आपटतो. तिथं कठडाच हवा, गुडघ्याच्या वरची मधली पट्टी आणि खालची फळी यांच्यासकट.

आता बेल्ट. कमरेचा जुना पट्टा दिसला तर बाजूला काढा, झटका सगळा पोटावर आणि मणक्यावर येतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेसच हवा, त्यावर आयएस 3521 या भारतीय मानकाचा शिक्का बघा. पट्टी दोन्ही हातांत धरून उलट्या यूसारखी वाकवा. तुटलेले धागे तेव्हाच वर येतात. रंग विटून पट्टी कडक झाली असेल तर ती उन्हानं खाल्लेली आहे. हूकच्या स्प्रिंगमध्ये वाळलेलं सिमेंट हमखास सापडतं, अंगठ्यानं दाबून सोडून बघा, हूकच्या तोंडाची झाप आपोआप मिटली पाहिजे. जागा बदलताना एक हूक लागलेला राहावा म्हणून दुहेरी लॅनयार्ड घ्या. हेल्मेटची हनुवटीची पट्टी बांधलेली हवी. नाहीतर माणसाच्या आधी हेल्मेट खाली पोचतं.

लिफ्टचा खड्डा, डक्ट, स्लॅबमधली भोकं झाका. प्लायवूड नुसतं टाकून ठेवू नका, खिळे मारा. सुटं प्लाय कुणीतरी उचलून नेतो आणि भोक तसंच राहतं.

शेवटचं, जे कुणीच ठरवत नाही: लटकलेला माणूस उतरवणार कोण? मांडीच्या पट्ट्यांनी रक्त पायात अडकतं, मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. 101 ला फोन कराच, पण अग्निशमनची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. दोर, कप्पी आणि दोन माणसं आजच ठरवा, एकदा गोणी लटकवून उतरवून बघा.

आणि ज्या हार्नेसनं एकदा झटका खाल्लाय तो कात्रीनं कापूनच टाका. नुसता कोपऱ्यात फेकलात तर सोमवारी तो कुणाच्या तरी अंगावर असतो.