मुलीला क्रिकेटला घालताय? आधी सामने मोजा

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि तेव्हापासून माझा फोन गरम आहे. मी राज्य संघाकडून थोडंफार खेळले, आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मुलींना शिकवते. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. अकॅडमी कुठली चांगली? बॅट केवढ्याची घेऊ? महिन्याची फी किती? मुलीला वर्षात सामने किती मिळतील, हे मात्र शंभरात एखादाच विचारतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच.

आपला राष्ट्रीय संघ घडला कसा, ते बघा म्हणजे पटेल. 1973 मध्ये लखनौच्या महेंद्रकुमार शर्मांच्या पुढाकाराने महिला क्रिकेटची स्वतंत्र संघटना उभी राहिली. त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. दुसऱ्या स्पर्धेला आठ झाले, तिसरीला चौदा. 1976 मध्ये कर्णधार शांता रंगास्वामींचा भारतीय संघ वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी मालिका खेळला आणि पाटण्यात एक कसोटी जिंकलासुद्धा. हातात पैसा नसताना तीन वर्षांत कसोटी जिंकणारा संघ तयार झाला, कारण मुलींना खेळायला सामने होते.

सामने आटले की उलटं होतं. 1986 नंतर जवळपास पाच वर्षं संघाला आंतरराष्ट्रीय क्रिकेटच नव्हतं. 2006 मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. प्रवास, राहणं, मैदानं सगळं सुधारलं, पण कसोट्यांचं म्हणाल तर 2006 नंतरची पुढची थेट 2014 ला आणि त्यापुढची 2021 ला. त्या काळातल्या कितीतरी चांगल्या मुली कसोटीचे पांढरे कपडे न घालताच निवृत्त झाल्या. याची हळहळ मला अजून वाटते.

मधल्या दुष्काळात खेळ जगवला तो रेल्वेने. भारताच्या माजी कर्णधार डायना एडुलजींनी तिथे मुलींसाठी नोकऱ्या मिळवल्या, संघ बांधला. पगार चालू, स्पर्धेला सुट्टी, सरावाला मैदान. बाकीच्या राज्यांतल्या मुली लग्न की क्रिकेट या कात्रीत असायच्या, तेव्हा रेल्वेच्या मुली तिशीपर्यंत खेळत राहिल्या. वर्षानुवर्षं देशांतर्गत करंडक रेल्वेकडेच जायचा, त्यामागे दुसरं काही गूढ नाही. मिताली राज, हरमनप्रीत कौर, पूनम राऊत, सगळ्या कधी ना कधी तिथे होत्या.

आता तुमच्या घरचं बोलू. महाराष्ट्रात संघटना एक नाही, तीन आहेत: मुंबई, महाराष्ट्र (कारभार पुण्यातून) आणि विदर्भ. गोव्याची वेगळी. तुम्ही कुठल्या हद्दीत येता हे आधी पक्कं करा, कारण पुढे बदलायचं तर ना हरकत प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालावे लागतात. वयोगट 15, 19 आणि 23 वर्षांखालील, मग वरिष्ठ. 15 वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय स्पर्धा 2022-23 पासून आहे, म्हणजे आताच्या पोरींना आमच्यापेक्षा लवकर शिडी मिळते. जन्मदाखला मूळ आणि वेळेत नोंदवलेला लागतो. 15 च्या गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर वय कमी लावायची हुशारी करू नका.

मग येते निवड चाचणी. छातीवर पिनेने नंबर लावतात. मुली शंभराच्या वर, नेट तीन-चार. एकीच्या वाट्याला सहा-आठ चेंडू आले तर नशीब. त्यात बहुतेक पोरी पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवायला लागतात, कारण घरून सांगितलेलं असतं की सिक्स मार, लक्षात राहशील. खुर्चीत बसलेली निवड समितीची बाई ते बघतच नसते. डोकं स्थिर आहे का, पुढचा पाय चेंडूकडे जातो का, चुकल्यावर पुढच्या चेंडूला ती काय करते, इकडे तिची नजर असते. क्षेत्ररक्षणाच्या वेळी तर दोन मिनिटांत निम्म्या मुली बाजूला पडतात. सीमारेषेवरून किपरच्या हातात एका टप्प्यात थ्रो येणारी मुलगी आजही दुर्मिळ आहे. तो थ्रो बसवायला वर्ष लागतं, पैसा लागत नाही.

चेंडूचीही एक गोष्ट सांगते, कारण छोट्या गावात हे हमखास राहून जातं. महिला क्रिकेटचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा असतो, पुरुषांचा 156 ते 163. आकारानेही किंचित लहान. अकॅडमीत मुलं जास्त, त्यामुळे सगळ्या नेटमध्ये मुलांचाच चेंडू फिरतो. ऑफस्पिन टाकणारी पोर वर्षभर मोठ्या चेंडूवर बोटं ताणते आणि चाचणीला हातात लहान चेंडू आला की तो आखूड तरी पडतो किंवा फुलटॉस जातो. चाचणीच्या महिनाभर आधी मुलींचा चेंडू स्वतः विकत आणा आणि त्यावरच टाकायला लावा. मुलांबरोबर खेळायला काहीच हरकत नाही, उलट वेग सोसायची सवय होते. रोहतकमध्ये शफाली वर्माला लहानपणी केस कापून मुलांच्यात खेळावं लागलं होतं. तेवढी वेळ आता कोणावर येऊ नये.

शफालीचंच बघा. 2025 च्या विश्वचषकाच्या मूळ संघात ती नव्हती. सलामीच्या प्रतिका रावलला दुखापत झाली, तेव्हा ही हरयाणाकडून देशांतर्गत टी-20 खेळत होती. बोलावणं आलं, उपांत्य सामन्यात लवकर बाद झाली, आणि अंतिम सामन्यात 87 धावा आणि दोन बळी. घरी बसून नेटवर थ्रोडाउन (जवळून हाताने टाकलेले चेंडू) घेत असती तर हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

जिल्ह्यातून वाट अडली तर दुसरी असते. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी मैदानी खेळांतली. 2022 मध्ये नागालँडकडून पाहुणी (बाहेरच्या राज्यातून बोलावलेली) खेळाडू म्हणून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध टी-20 मध्ये नाबाद 162 ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. अर्थात पाहुणी म्हणून बोलावणं यायलाही आधी कुठेतरी धावा केलेल्या लागतात.

पैशाचं स्पष्ट बोलते. 2022 पासून भारताकडून खेळणाऱ्या मुलींना पुरुषांइतकंच मानधन आहे: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6, टी-20 ला 3. डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे मुलींच्या आयपीएलच्या, पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाख मिळाले. धारावीत गल्लीत खेळलेल्या सिमरन शेखला तर एका लिलावात कोणी घेतलं नाही आणि पुढच्यात, डिसेंबर 2024 ला, 1 कोटी 90 लाख. हे आकडे ऐकून बापमंडळींचे डोळे चमकतात. म्हणून दुसरं गणितही मांडते: पाच संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त 18 जणी, त्यातल्या सहा परदेशी धरल्या तर अख्ख्या देशातून साठ मुली. त्या साठांच्या खाली शेकडो जणी राज्याकडून खेळतात. 2021 मध्ये वरिष्ठ गटाची मॅच फी दिवसाला साडेबारा हजारांवरून वीस हजार झाली, डिसेंबर 2025 मध्ये ती आणखी वाढवली, हे चांगलंच झालं. पण सामने वर्षात मोजकेच असल्यामुळे त्यावर संसार चालत नाही.

तेव्हा शाळा-कॉलेज सोडू नका. गोव्याची शिखा पांडे वेगवान गोलंदाज, पण इंजिनिअर झाली, हवाई दलात अधिकारी झाली आणि भारताकडून खेळलीही. खेळून झाल्यावरही मैदानात कामं आहेत. नवी मुंबईची वृंदा राठी स्कोअरर होती, मग पंच झाली, आणि जानेवारी 2023 मध्ये रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिला पंचांत ती होती. फिजिओ, ट्रेनर, व्हिडिओ विश्लेषक यांची गरज आता प्रत्येक राज्य संघाला असते, आणि मुलींच्या संघाला बाई हवी असते. माझ्याकडची एक पोर फलंदाजीत बेताची, पण स्कोअरबुक मोत्यासारखं लिहिते. तिला मी स्कोअररच्या परीक्षेला बसवणार आहे.

अकॅडमी बघायला जाल तेव्हा टर्फ, बॉलिंग मशीन, भिंतीवरचे फोटो सगळं दाखवतील. बघून घ्या आणि मग मागच्या हंगामाचं स्कोअरबुक मागा. मुलींचे सामने वेगळे किती झाले ते मोजा. मुलांच्या संघात मुलगी घातली असेल तर ती कितव्या क्रमांकावर आली आणि किती षटकं टाकली ते बघा. पानामागून पान नवव्या क्रमांकावर एकच नाव आणि पुढे "फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही" असं दिसलं, तर फी भरू नका. दुसरीकडे चौकशी करा. नाहीच मिळालं, तर आजूबाजूच्या चार शाळांच्या पीटीच्या सरांना गाठून बावीस मुली गोळा करा आणि रविवारचं मैदान मागा. आमच्याकडे असंच सुरू झालं, पहिल्या सामन्याला दोन्ही बाजूंना मिळून पॅडचे तीन जोड होते.